नाटक करायचं नाही, चालवायचंय : कला-मनोरंजन व्यवस्थापनाचं कॉलेज निवडताना

गेल्या वर्षी बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात आमच्या प्रकाशयोजनाकाराची पुतणी आईवडिलांना घेऊन घरी आली. चहा यायच्या आत तिनं विषय काढला. "काका, मला नाटकात काम नाही करायचं. मला नाटक चालवायचंय." वडिलांनी पिशवीतून चार माहितीपत्रकं काढून टेबलावर मांडली. एकावर 'मीडिया अँड एंटरटेनमेंट मॅनेजमेंट' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'इव्हेंट मॅनेजमेंट', तिसऱ्यावर 'फिल्म अँड टेलिव्हिजन प्रॉडक्शन'. चौथं साधं बीबीए, पण मुखपृष्ठावर हेडफोन घातलेली मुलगी आणि मागे रंगीत दिवे. "यातलं हिच्या कामाचं कोणतं, तेवढं सांगा," ते म्हणाले.

मी बावीस वर्षं व्यावसायिक नाटकांचा व्यवस्थापक आहे. हे काम मी कुठल्या वर्गात शिकलो नाही. एका जुन्या व्यवस्थापकांच्या हाताखाली बुकिंगच्या खिडकीत बसून, त्यांची बोलणी खात शिकलो. तो रस्ता अजून बंद झालेला नाही. पण आज त्याच कामात ॲपवरची तिकीटविक्री आली, जीएसटी आला, प्रायोजकांशी करार आले, प्रयोगाचं चित्रीकरण ओटीटीला द्यायचं तर हक्कांची भाषा आली. हे सगळं खिडकीत बसून कळत नाही. म्हणून चांगलं कॉलेज मिळालं तर जरूर जावं, असं माझं मत आहे. त्या दिवशी दोन तास जे बोललो, ते इथे लिहितो आहे. दर मे-जूनमध्ये कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं.

हे शिक्षण नेमकं कशाचं?

नाव नवं वाटलं तरी काम जुनं आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभं केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. १८५१ साली चिंतामणराव गेले, आश्रय संपला आणि भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून प्रयोग केला. जागा ठरवणं, जाहिरात देणं, गल्ला मोजणं हे तेव्हापासून मराठी नाटकाच्या पाठीशी लागलं. पुढे १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. गाणं, कपडे, पडदे, सगळ्यांत अव्वल. प्रेक्षक वेडे झालेले. तरीही मंडळी कर्जात बुडाली. बालगंधर्वांची ती गोष्ट आपण हळहळत सांगतो. मला ती दर वेळी हिशेबाच्या वहीसारखी वाचावीशी वाटते.

आता एक गणित करू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. नाट्यगृहात ९०० खुर्च्या. तीनशे तिकिटं ५०० रुपयांची, तीनशे ४०० ची, तीनशे ३०० ची. हाऊसफुल्लचा बोर्ड लागला तर गल्ला ३ लाख ६० हजार. नाट्यगृहाचं भाडं, कलाकारांची नाईट (म्हणजे प्रयोगागणिक मानधन), बॅकस्टेजच्या मंडळींचे पैसे, बस आणि टेम्पो, लेखक-दिग्दर्शकाचं मानधन, वर्तमानपत्रातली जाहिरात, चहा-जेवण मिळून एका प्रयोगाला १ लाख ४० हजार खर्च. आणि पहिला पडदा उघडण्याआधीच तालमी, नेपथ्य, वेशभूषा, संगीत यांत २५ लाख गेलेले. प्रत्येक प्रयोग हाऊसफुल्ल गेला तर प्रयोगामागे २ लाख २० हजार सुटतात, म्हणजे बाराव्या प्रयोगाला निर्मात्याचं मुद्दल मोकळं. प्रत्येक दराची अर्धीच तिकिटं गेली तर प्रयोगामागे सुटतात फक्त ४० हजार, आणि मुद्दल फिटायला लागतात त्रेसष्ट प्रयोग.

बारा आणि त्रेसष्ट यांच्या मधल्या जागेत व्यवस्थापकाचं आयुष्य जातं. नाटक कोणत्या वाराला लावायचं, शनिवार-रविवारची तारीख कुठे मिळते, नटाला मालिकेच्या चित्रीकरणातून कधी सुट्टी आहे, प्लॅन (खुर्च्यांचं बुकिंग) किती दिवस आधी उघडायचा, ठेकेदार एकरकमी पैसे देऊन प्रयोग विकत घेत असेल तर त्याला किती सांगायचं, हे सगळे निर्णय तिथे होतात. मग एखादा नवा निर्माता विचारतो, "तिकीट सरळ ५५० करू या की!" तेव्हा त्याला सांगावं लागतं की नाटकाचं ५०० रुपयांपर्यंतचं तिकीट जीएसटीतून मुक्त आहे आणि त्याच्या वर गेलं की १८ टक्के कर लागतो. प्रेक्षकाकडून सगळं धरून ५५० घेतले तर कर भरून निर्मात्याच्या हातात ४६६ उरतात, म्हणजे ५०० च्या तिकिटापेक्षाही कमी. हे ज्याला आधी ठाऊक असतं तो पन्नास रुपये वाढवण्याच्या नादात चौतीस रुपये घालवत नाही.

सिनेमात हेच काम लाइन प्रोड्यूसर आणि प्रॉडक्शन कंट्रोलर करतात. तिथे प्रयोगांऐवजी चित्रीकरणाचे दिवस मोजतात. संगीत महोत्सवात जागा, परवानग्या आणि प्रायोजक यांचा भार जास्त. कलादालन किंवा संग्रहालय असेल तर विमा, वाहतूक आणि देणगीदार. गणिताची जात एकच असते.

म्हणून त्या मुलीला पहिलं हेच विचारलं, की तुला हिशेबाची वही आवडते का? कलाकारांच्या जवळ राहायला मिळेल, मोठ्या कार्यक्रमाचं गळ्यात लटकणारं ओळखपत्र मिळेल, एवढ्यासाठी यायचं असेल तर या पदवीचा दुसऱ्या वर्षाला कंटाळा येतो. ती म्हणाली, शाळेच्या गॅदरिंगचा हिशेब सलग तीन वर्षं मीच ठेवला होता. मला बरं वाटलं.

माहितीपत्रक बाजूला ठेवा, अभ्यासक्रम मागा

माहितीपत्रकात इमारत असते, अभ्यासक्रमात विषय असतात. सत्रवार विषय आणि प्रत्येकाचे श्रेयांक (क्रेडिट) दाखवणारा अभ्यासक्रम मागून घ्या. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो सहसा असतोच. वाचताना मी दोन टोकं तपासतो. काही अभ्यासक्रम म्हणजे साधं व्यवस्थापनशास्त्र असतं, त्याला शेवटच्या वर्षी 'मनोरंजन उद्योग' नावाचे दोन पेपर चिकटवलेले. काही ठिकाणी उलट, नाट्यरसग्रहण आणि चित्रपटाचा इतिहास भरपूर, पण खर्चाचा अंदाज कसा काढतात हे तीन वर्षांत एकदाही येत नाही. हिशेब, कायदा, प्रेक्षक आणि एखाद्या कलेची खरी ओळख, ही चारही अंगं दुसऱ्या वर्षापर्यंत दिसली पाहिजेत.

कायद्याच्या विषयावर मी जरा अडून बसतो, कारण आमच्या धंद्यात तोंडी शब्दावर फार चालतं आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. महाराष्ट्रात नाटकाचा सार्वजनिक प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. उघड्या मैदानावर कार्यक्रम असेल तर ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम लागू होतात. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत बारापर्यंत वाढवू शकतं. रात्र रात्र चालणाऱ्या आपल्या मैफिली दहाला आटोपायला लागल्या त्या यामुळे. नाटककाराच्या लेखनावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं वारसांकडे राहतो, तेव्हा 'जुनं नाटक आहे, कोण विचारतंय' असं म्हणून प्रयोग लावता येत नाही. कॉपीराइटच्या कायद्यात २०१२ साली बदल झाला. गीतकार-संगीतकारांना त्यांच्या गाण्याच्या पुढच्या वापरातला वाटा आता कुणाला सोडून देता येत नाही. हे विषय शिकवायला कॉलेजकडे कोण आहे, ते नावानिशी विचारा. वकिलीचा अनुभव असलेलं कुणी असेल तर फारच छान.

पदवी देतंय कोण?

सगळ्यांत जास्त फसगत होते ती इथे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याचं कलम २२ सांगतं की पदवी फक्त विद्यापीठालाच देता येते. विद्यापीठ म्हणजे केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेलं, किंवा अभिमत दर्जा मिळालेलं. त्याखेरीज संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्था. बाकी कुणीही, मग ते कितीही मोठ्या काचेच्या इमारतीत असोत, स्वतःच्या नावानं पदवी देऊ शकत नाहीत. खाजगी संस्था यातून वाट काढतात ती कुठल्या तरी विद्यापीठाशी 'सहकार्य' करून. वर्ग अंधेरीत, पदवी हजार किलोमीटरवरच्या विद्यापीठाची. अशा वेळी गुणपत्रिकेवर नाव कुणाचं येणार आणि त्या विद्यापीठाला इथे केंद्र चालवायची मुभा आहे का, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. राज्याच्या खाजगी विद्यापीठांना बाहेर फ्रँचायझी वाटत सुटता येत नाही. आयोगाच्या संकेतस्थळावर विद्यापीठांची यादी असते, बोगस विद्यापीठांचीही असते. दोन्ही उघडून पाहायला दहा मिनिटं लागतात.

पदविका किंवा प्रमाणपत्र वाईट असतं असा याचा अर्थ नाही. आमच्या क्षेत्रात कुणी गुणपत्रिका बघून कामावर घेत नाही. पण पुढे एमबीए, परदेशी शिक्षण, सरकारी सांस्कृतिक खात्यातली नोकरी, यातलं काहीही मनात असेल तर पदवी हवीच. मुलगी अठरा वर्षांची आहे. तिचं मन पाच वर्षांनी कुठे असेल हे आज कुणी सांगावं?

नावाच्या घोळाबद्दलही सांगतो. आपल्याकडे 'कला व्यवस्थापन' या नेमक्या नावाची पदवी क्वचित भेटते. तोच ऐवज बीबीए, बीएमएस, मुंबई विद्यापीठाचं बीए मल्टीमीडिया अँड मास कम्युनिकेशन, किंवा बीए फिल्म, टेलिव्हिजन अँड न्यू मीडिया प्रॉडक्शन अशा वेगवेगळ्या पाट्यांखाली असतो. पाटी बदलली की प्रवेशाची रीतही बदलते. २०२४-२५ पासून बीबीए-बीएमएस हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. त्यानंतर काही महाविद्यालयांनी तोच अभ्यासक्रम बीकॉमच्या नावाखाली नेला. तेव्हा 'आमच्याकडे सीईटी लागत नाही' हे ऐकून हुरळण्याआधी पदवीचं पूर्ण नाव लिहून घ्या.

पैशाचा संबंधही या नावाशी आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची पूर्ण माफी आहे. पण ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून गेलं तर, आणि अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून. म्हणजे एकाच शहरात जवळजवळ सारखाच अभ्यासक्रम एका मुलीला शुल्कमाफीत मिळू शकतो आणि दुसरीच्या घरी कर्जाचा अर्ज भरला जातो. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळाच्या यादीत तुमचं कॉलेज आणि तुमचा अभ्यासक्रम दोन्ही आहेत का, ते प्रवेशाआधी पाहा.

कर्ज काढायचंच असेल तर तेही नाटकाच्या गणितासारखं मांडा. ८ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, सात वर्षांची परतफेड, म्हणजे महिन्याला साधारण १३ हजार ३०० रुपये हप्ता. कॉलेजला विचारा, गेल्या तीन तुकड्यांतली मुलं पहिल्या वर्षी महिना किती कमावत होती? 'सर्वाधिक पॅकेज' नको, मधल्या मुलाचा आकडा हवा. आमच्याकडे बरंचसं काम प्रयोगागणिक किंवा प्रकल्पागणिक मिळतं, दर महिन्याचा पगार हाती येईलच असं नाही. पावसाळ्यात प्रयोग कमी झाले की हाताखालच्या मुलांचं उत्पन्न लगेच आटतं. हप्ता मात्र जुलैतही तेवढाच असतो.

नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी परिषद, तिच्या श्रेणीबद्दल थोडक्यात. ती सबंध संस्थेची असते. ए-प्लस मिळवलेल्या कॉलेजात तुमचा विभाग दोन वर्षांपूर्वी सुरू झालेला असू शकतो.

गाव कोणतं?

या विषयात कॉलेजचा पत्ता हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. संध्याकाळी सहाला वर्ग सुटल्यावर मुलगा अर्ध्या तासात एखाद्या नाट्यगृहाच्या मागच्या दारात पोचू शकतो का? मुंबईत दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, एनसीपीए, जुहूचं पृथ्वी आहे. ठाण्यात गडकरी रंगायतन, पुण्यात बालगंधर्व आणि यशवंतराव चव्हाण नाट्यगृह. पुण्याला आणखी एक देणगी आहे ती पुरुषोत्तम करंडकाची. १९६३ पासून कॉलेजची पोरं तिथे एकांकिका घेऊन येतात, आणि प्रत्येक संघात वर्गणी गोळा करणारा, टेम्पो ठरवणारा, रात्री बाराला वडापाव आणणारा एक जण असतो. करंडकावर त्याचं नाव येत नाही. मी ज्यांना हाताशी घेतलं त्यांतले निम्मे असे आहेत.

वर्षाचं कॅलेंडर काढून बघा. डिसेंबरात पुण्यात १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव, जानेवारीत पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, जानेवारीअखेरीस किंवा फेब्रुवारीत मुंबईत काळा घोडा कला महोत्सव. गोव्याचं दान वेगळंच आहे. २००४ पासून नोव्हेंबरात इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव तिथे भरतो, आणि २०१६ पासून डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव. दोन मोठे सोहळे आठवड्यांच्या अंतरानं, एका छोट्या शहरात. गोव्यातल्या मुलानं मुंबईच्या नावानं हळहळण्याचं कारण नाही. पहिल्या वर्षीच स्वयंसेवक म्हणून आत शिरावं. पाहुण्यांना विमानतळावरून आणणं हे काम हलकं समजू नका. वेळापत्रक कोलमडतं कसं आणि सावरतात कसं, हे त्या गाडीतूनच दिसतं.

छोट्या गावातल्या मुलांना मी वेगळं सांगतो. नांदेड, अकोला किंवा सावंतवाडीत राहून साधी बीकॉम करायची, सोबत राज्य नाट्य स्पर्धेच्या संघात हिशेब आणि व्यवस्था सांभाळायची, आणि मग पदव्युत्तर शिक्षणासाठी मोठ्या शहरात यायचं. हा मार्ग महागड्या तीन वर्षांपेक्षा कित्येकदा सरस ठरतो.

कुठे काय मिळतं?

मी क्रमवारी लावणार नाही. पण संस्थांचे स्वभाव ओळखून ठेवावेत. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र (१९८७) आणि मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी (२००३) कलावंत घडवतात. व्यवस्थापन तिथे पोटात येतं, पाटीवर नाही. ज्याला नाटक आतून कळून घ्यायचंय त्यानं तिथे शिकून नंतर व्यवस्थापनाकडे वळणं मला पटतं. पुण्याची एफटीआयआय, १९६० सालची, प्रभातच्या आवारात उभी राहिलेली, ही चित्रपटाच्या कारागिरीची शाळा आहे. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत मात्र दिग्दर्शन-छायालेखनाच्या बरोबरीनं चित्रपट-दूरचित्रवाणीच्या निर्मितीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, आणि सरकारी संस्थेत हा विषय शिकायचा असेल तर मराठी मुलांनी त्याकडे पाहावं. तो पदवीनंतरचा आहे. गोरेगावच्या चित्रनगरीतली व्हिसलिंग वूड्स २००६ पासूनची, खाजगी, आणि उद्योगाच्या ऐन दारात. अहमदाबादचं मायका १९९१ सालचं. तिथे भर जाहिरात, ब्रँड आणि प्रेक्षक समजून घेण्यावर.

आधीच एखाद्या संस्थेत राबणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. इंडिया थिएटर फोरम, बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आणि जुनून या तीन संस्थांनी मिळून 'स्मार्ट' नावाचा नाट्यव्यवस्थापनाचा अभ्यासक्रम उभा केला. तो पदवी देत नाही. नाट्यसंस्था चालवणाऱ्या माणसांना ती नीट कशी चालवायची ते शिकवण्यासाठी तो आहे.

परदेशात या विषयाला स्वतंत्र घर आहे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात मनोरंजन आणि कला व्यवस्थापनाची पदवी आहे, आणि तिथे अभ्यासाच्या मध्येच सहा सहा महिने नोकरी करायची पद्धत आहे. कार्नेगी मेलनच्या मनोरंजन उद्योग व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात पहिलं वर्ष पिट्सबर्गला आणि दुसरं लॉस एंजेलिसला, म्हणजे उद्योग जिथे आहे तिथेच वर्ग. पाहा, पत्त्याचं महत्त्व त्यांनीही ओळखलंय. पण अमेरिकेतली बरीच नाट्यगृहं नफा न कमावणाऱ्या संस्था म्हणून चालतात. विश्वस्त मंडळ, देणग्या आणि हंगामाची आगाऊ वर्गणी यांवर त्यांचा डोलारा असतो. मराठी व्यावसायिक नाटक एका निर्मात्याच्या खिशावर उभं असतं. तिथे शिकलेलं देणगी मिळवण्याचं तंत्र इथे संग्रहालयाला, महोत्सवाला कामी येईल, शनिवार रात्रीच्या प्रयोगाला तितकंसं येणार नाही. पदवीनंतर तिथे कामाची मुभा साधारण बारा महिन्यांची असते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत अभ्यासक्रम बसला तरच ती वाढते, म्हणून अर्जाआधी अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक विचारावा. एक जागा मात्र खरोखर रिकामी दिसते. अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळं इथून नाटकं बोलावतात, आणि व्हिसा, विमानं, तिथली नाट्यगृहं, इथल्या नटांच्या तारखा हे सगळं एका डोक्यात धरणारी माणसं थोडी आहेत.

एकच कागद मागा

कॉलेज बघायला गेलात की स्टुडिओ दाखवतील, कॅमेरे दाखवतील, भिंतीवरचे नटांसोबतचे फोटो दाखवतील. ते बघा, आणि मग शांतपणे विचारा, "तुमच्या विद्यार्थ्यांनी तिकीट लावून केलेला एखादा कार्यक्रम आहे का? त्याचा ताळेबंद बघायला मिळेल?"

बाकी सगळे प्रश्न विसरलात तरी चालेल, पण हा विसरू नका. फुकट पासांवर भरलेल्या सभागृहात विद्यार्थी मंडप सजवायला शिकतो. पैसे देऊन कुणी अनोळखी माणूस येईल का, या धाकधुकीत तो व्यवस्थापन शिकतो. ज्या कॉलेजात मुलांच्या हाती खरे पैसे देतात, तिथे खर्चाचा अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी लिहिलेले असतात, तफावत का आली यावर कुणी तरी लाल पेननं प्रश्न विचारलेला असतो. तो कागद म्हणजे त्या विभागाचा खरा अभ्यासक्रम.

प्रत्यक्ष कामाच्या शिक्षणाचंही तेच. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत ओजेटीला, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाला, श्रेयांक आहेत, त्यामुळे इंटर्नशिप सगळेच देतात. माझ्याकडे एका संस्थेची चार मुलं महिनाभरासाठी आली होती. तिसऱ्या वर्षाची. त्यांनी बुकिंगचा प्लॅन आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आठव्या दिवशी त्यांच्या समन्वयकांचा फोन आला, "सर, हजेरीचं तेवढं बघा, प्रमाणपत्र लवकर लागेल." मुलं हुशार होती, शिकायला उत्सुक होती, मला त्यांचं फार वाईट वाटलं. म्हणून विचारा की इंटर्नशिपला गेलेल्या मुलाला भेटायला शिक्षक येतात का, आणि तो परत आल्यावर त्यानं काय लिहून द्यायचं असतं. जमलं तर दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना कँटीनमध्ये गाठा. ती खरं सांगतात.

पैसे भरताना शुल्कपरताव्याचे नियम लेखी घ्या. आणि मूळ कागदपत्रं कॉलेजनं अडकवून ठेवायची नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ सालीच बजावलेलं आहे. दाखवा, पडताळणी करून घ्या आणि परत घेऊन या.

ती मुलगी चारही ठिकाणी जाऊन आली. दोन ठिकाणी ताळेबंद म्हणजे काय मागतेय हेच कळलं नाही. तिसऱ्या ठिकाणी 'ते अकाउंट्स विभागाकडे असतं' असं उत्तर मिळालं. चौथं कॉलेज त्यांतलं सगळ्यांत साधं, कार्यालयात पंखा कुरकुरणारा. तिथल्या बाईंनी कपाटातून एक रजिस्टर काढलं. विद्यार्थ्यांनी दोन दिवसांचा एकांकिका महोत्सव केला होता, तिकीट शंभर रुपये, दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस, आणि शेवटच्या ओळीत ११,४०० रुपयांचा तोटा. खाली मुलांनी स्वतःच्या हातानं तीन पानं लिहिली होती, कुठे चुकलं त्याची. बाई म्हणाल्या, "पुढच्या तुकडीला पहिल्या दिवशी हेच वाचायला देते."

तिनं तिथे प्रवेश घेतला. मधल्या दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस माझ्याकडे बुकिंगच्या खिडकीत बसून गेली.